व्हाळातला फॉस्फर

माझे बाबा लोकांना सांगतात, "आमचं चेडू पाण्याची परीक्षा घेता. पास-नापास करता." ते आयुष्यभर डिचोलीच्या खाणींवर खनिजाचा ट्रक चालवत होते, त्यामुळे ऑफिसचं काम म्हणजे सही नाहीतर शिक्का, एवढंच त्यांना ठाऊक. मी त्यांना दुरुस्त करत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. थोडी फुशारकी घरात राहिली तर कोणाचं काय जातं?

काम असं आहे. पेडणे तालुक्यात एक तळं आहे. गावाचं नाव लिहीत नाही, मला अजून तिथे जायचं असतं. हिवाळ्यात तळ्यावर लांबून पक्षी येतात, म्हणून ते 'संरक्षित पाणथळ' झालं आणि काठाला एक बोर्ड लागला: येथे कपडे, भांडी, वाहने धुण्यास मनाई आहे, दंड होईल. तळ्याला एक व्हाळ, म्हणजे ओढा, येऊन मिळतो. त्याच्या पाण्यात फॉस्फरस किती आहे ते ठरावीक दिवसांनी मोजायचं आणि मर्यादेच्या वर गेला तर कळवायचं, हे माझं काम. फॉस्फरस म्हणजे खतातला स्फुरद. शेतात पडला तर भात पिकतं. तळ्यात पडला तर तळंच पिकतं, आणि पीक येतं ते शेवाळाचं. पाण्यावर हिरवी साय धरते, खाली मासे घुसमटतात, आणि पक्षी दुसरीकडे बिऱ्हाड शोधतात.

या कामात एक गोष्ट आईला आजतागायत पटलेली नाही. नमुन्याच्या बाटल्या साबणाने धुवायच्या नसतात. साबण-पावडरीत फॉस्फरस असू शकतो, त्याचा अंश राहिला तरी आकडा चढतो. लॅबमध्ये बाटल्या ॲसिडने धुतात आणि मग साध्या पाण्याचाही हात लागू देत नाहीत. मी मुळगावहून सकाळी परस्पर तळ्यावर जाते, म्हणून बाटल्या आदल्या दिवशी घरी आणते आणि कपाटाला कुलूप लावते. आई म्हणते, "एवढा शिकलंस, आणि बाटले बिनसाबणाचे! कोणाक सांगा नको हां."

तर एप्रिल महिना होता. व्हाळाला पाणी करंगळीएवढं. मी तळ्याच्या तोंडाशी बसून नमुना भरला, झाकण घट्ट लावलं, बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली, आणि मान वर केली तर समोरच्या डोंगराच्या माथ्यावर धूर. काजूची बाग पेटलेली. लोक धावत होते, ओरडत होते. थोड्या वेळाने माझ्या हेल्मेटवर राख पडायला लागली, तेव्हा मी स्कूटर वळवली.

त्या नमुन्याचा आकडा आला तो मर्यादेच्या कितीतरी वर. असा आकडा त्या व्हाळाने कधी दाखवला नव्हता. आमचे साहेब शांत माणूस, पण शांत माणसाचं बोलणंच जास्त लागतं.

"राख पडली असेल," साहेब म्हणाले.

"राख नंतर पडली, सर. बाटली त्याच्या आधी बंद केली होती."

"मग घरी साबणाने धुतली असेल कोणी."

मला माझ्या आईचा चेहरा दिसला आणि राग आला, कारण या खेपेला ती बिचारी निर्दोष होती. पुढच्या फेरीचा आकडा मर्यादेत आला. त्यामुळे साहेबांची खात्रीच पटली. आता तो एक आकडा माझी चूक ठरणार होता, आणि एक चूक ठरली की माझ्या बाकीच्या बाटल्यांकडेही संशयाने बघितलं जाणार होतं. बी.एस्सी. रसायनशास्त्र, पहिला वर्ग, आणि बाटली धुता येत नाही! मी म्हटलं, "सर, व्हाळाच्या वरच्या अंगाला जाऊन बघू का?" साहेब म्हणाले, "बघा." पण तोवर पाऊस लागला, आणि मला जायला मिळालं ते चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आल्यावर.

व्हाळ वर एका कुळागरातून येतो. माड, पोफळी, मिरीचे वेल, गार सावली. फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ कोयता घेऊन उभे होते. ऐंशीच्या पुढचे, पण कोयता धरण्यात म्हातारपण नव्हतं.

"कोण गो तू? कोणाची?"

मी घरी मालवणीच बोलते, पण कामावर शुद्ध बोलायचं असा माझा नियम. पदवीचा मान राखायला नको? म्हटलं, "आजोबा, मी पाण्यातला फॉस्फरस शोधायला आले आहे."

"फॉस्फर?"

"हो. एप्रिलमध्ये इथे एकदम सापडला होता. कुठून आला, कोणी टाकला, एवढं कळलं की माझं काम झालं."

आजोबांचा रंग उतरला.

"मी त्या दिसा म्हापशाक गेल्लंय," ते म्हणाले. "चष्म्याक."

मी काही विचारलंच नव्हतं. शिवाय त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.

"आजोबा, मला फक्त आत जाऊन व्हाळ बघायचा आहे."

"व्हाळात फॉस्फर पेटता काय? भिजान जाता," असं म्हणून त्यांनी फाटक लावलं. वर सुंभाने बांधलं. गाठ मारताना माझ्याकडे असं बघत होते की जणू मी पोलीसच.

मी चिडून तळ्याजवळच्या दुकानात आले. दुकान चालवणाऱ्या काकी चहा देतात, उंडे, म्हणजे गोल पाव, आणि पातळ भाजी देतात, आणि मागितलेली नसली तरी बातमी देतात. कोपऱ्यातल्या बाकावर सत्तरीचे एक गृहस्थ चहात उंडा बुडवत बसले होते. मी दुसऱ्या बाकावर बसले.

"गावलो काय गो फॉस्फर?" काकींनी विचारलं.

मी येऊन अर्धा तास झाला नव्हता. बातमी माझ्या स्कूटरच्या आधी पोचली होती.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळ्यांक खबर आसा. सरकारान काडी शोधूक चेडू धाडल्यान म्हणान. आमच्या गावात काड्यो घालतले कमी आसत, म्हणान आनी एक धाडल्यानी!"

"काडी कसली? फॉस्फरस!"

"तांच," काकी म्हणाल्या. "आजोबा पोर्तुगीज काळात शाळेत बसलले. ते आगपेटीक फॉस्फर म्हणतत."

चहा माझ्या नाकात गेला. एप्रिलात फॉस्फर सापडला, कोणी टाकला ते शोधायचं आहे, असं मी एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर सांगून आले होते. आणि एप्रिलात इथली बाग जळली होती! मी साधं 'खत' म्हटलं असतं तर त्यांनी फाटक उघडून चहा दिला असता. पण मला पदवीचा मान राखायचा होता.

काकींनी कोपऱ्यातल्या बाकाकडे डोळ्याने खूण केली आणि आवाज उतरवला. म्हणजे त्यांच्या मते उतरवला. जळलेली बाग त्या बाकावरच्या गृहस्थांची. ते आजोबांचे धाकटे भाऊ. दोघांमध्ये बांधावरून जुनी कुरबूर होतीच, त्यात बाग पेटली तेव्हा आजोबा कुठे होते ते कोणाला सांगता येईना. आजोबा म्हणाले, म्हापशाला. भावाने बसच्या कंडक्टरला विचारलं. कंडक्टर म्हणाला, हे चढलेच नाहीत. तेव्हापासून भाऊ भावाच्या दारात गेला नव्हता. आणि त्यांचा गणपती एकच, थोरल्याच्या घरातला. गणपतीच्या वर टांगायची माटोळी, ती रानफळांची आणि भाज्यांची चौकट, दर वर्षी शिडीवर चढून धाकटा बांधायचा. यंदा चवथ दारात आली तरी धाकटा गप्प होता.

"त्या घरात माटोळी कोण बांधतलो?" काकी म्हणाल्या. "पोरां मुंबयत. येतली तीं चवथीच्या दिसा, हात धुवन जेवूक."

भावाने चहाचा कप बाकावर आपटला. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

तेवढ्यात आजोबाच आले. बाकाकडे न बघता ते थेट माझ्यासमोर उभे राहिले. बहुतेक येताना वाटेत बोलणं पाठ केलं असावं.

"बाय, लिवन घे. मी त्या दिसा म्हापशाक होतंय. साक्षीदार आसा."

"कोण?" बाकावरून प्रश्न आला. भिंतीकडे बघून विचारलेला.

"चष्म्याचो दुकानदार," आजोबा भिंतीलाच म्हणाले.

"आजोबा!" काकींनी कपाळावर हात मारला. "म्हापशाक खंयचे? माका आत्ता आठावला, त्याच सकाळी तुमी माझ्याकडसून सुंभ नेलास. ढोपरापर्यंत भिजलले. मी तुमका म्हटला, पंचो तरी बदला. आनी मगे बाहेर आग-आग म्हणान बोवाळ झालो."

आजोबांनी दाराबाहेर तळ्याच्या बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सुंभ कशाला?" मी विचारलं.

"पोती सुकत घालूक," ते हळू म्हणाले.

"कसली पोती?"

"खताची. वायंगणाच्या भाताक हाडलेली. काजी भरूक पोती नको? धुय होतंय."

"कुठे?"

"खंय म्हणजे? व्हाळात."

काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी उठून उभी राहिले, बाक मागे पडला, आणि कामावर शुद्ध बोलायचा नियम तोंडातून निसटला.

"गावलो!" मी ओरडले. "फॉस्फर गावलो!"

धाकटा भाऊ ताडकन उभा राहिला. "मी म्हटललंय! मी म्हटललंय ना, ह्याचीच काडी!"

"ह्या चेडवाक मी पोत्यांचा सांगलंय, आनी ती माका फाशी देता!" आजोबा म्हणाले आणि तिथेच खाली बसले.

पुढची दहा-पंधरा मिनिटं मी जेवढं बोलले तेवढं तोंडी परीक्षेतही बोलले नव्हते. आणि सगळं मालवणीत. फॉस्फर म्हणजे आगपेटी नाही, खतातलं सत्त्व. रिकाम्या पोत्याच्या शिवणीत, कोपऱ्यात दाणे राहतात. पोतं व्हाळात धुतलं की ते पाण्यात जातात आणि पाण्याबरोबर तळ्यात. एप्रिलात व्हाळाला पाणी ते किती, म्हणून आकडा इतका चढला.

"म्हणजे दंड?" आजोबांनी विचारलं.

"माझ्याकडे बाटल्या आसत, आजोबा. पावती-पुस्तक नाय."

"बोर्डार लिवलला आसा."

"बोर्डार कपडे, भांडी, गाड्यो आसत," काकी म्हणाल्या. "पोती खंय आसत?"

आणि मग उलगडलं. आजोबा बोर्डाला घाबरले होते. व्हाळात पोती धूत होतो असं सांगावं तर दंड, म्हणून म्हापसा. म्हापसा खोटा ठरला, म्हणून काडी. एप्रिलपासून चवथीपर्यंत हा माणूस दंडाच्या भीतीने जाळपोळीचा आळ अंगावर घेऊन बसला होता, आणि बोर्डावर पोत्यांचा शब्दही नव्हता.

धाकट्याचा राग मात्र इतक्यात उतरणार नव्हता. त्याने माझ्याकडे बोट केलं. "काकी काय सांगतत ता सोड. त्या कोणाक पण सुंभ देतत. आधी काडी लायली आनी मगे पोती धुतली, असा कशावरून नाय?"

हा प्रश्न रास्त होता. सरकारी ऑफिसात असा प्रश्न मला अजून कोणी विचारलेला नाही. मी खाली बसले आणि त्यांना माझ्या बाटलीची गोष्ट सांगितली. मी बाटली भरली तेव्हा डोंगरावर धूर नव्हता. झाकण लावून डब्यात ठेवली, तेव्हा पहिला धूर दिसला. आणि त्या बाटलीत खत होतं, चिक्कार. म्हणजे धूर निघायच्या आधीपासून वर कोणीतरी पोती धूत होतं. डोंगराच्या माथ्यावर काडी लावून तुमचा भाऊ व्हाळापर्यंत खाली कधी पोचणार? आणि पोचल्यावर धुतलेलं पाणी तळ्यापर्यंत कधी येणार?

"ह्याका डोंगरार चडूकच अर्धो दीस लागता," काकींनी भर घातली.

"तुका कोणी सांगल्यान? मी अजून चडतंय!" आजोबा उसळले, आणि मग ते बोलणं आपल्याच विरुद्ध जातंय हे लक्षात येऊन ढोपर चोळायला लागले.

"बाटली खोटी बोलणा नाय?" धाकट्याने विचारलं.

"साबणान धुतली तर बोलता," मी म्हटलं. "ही धुतलेली नव्हती."

धाकट्याने रिकामा कप उचलून काकींच्या पुढे ठेवला. "मगे काडी कोणी लायली?"

ते कोणालाच माहीत नव्हतं. विजेच्या तारा एकमेकींना लागल्या असतील, कोणी विडी टाकली असेल. त्याची बाटली माझ्याकडे नव्हती.

शेवटी तो उठला, पैसे ठेवले, आणि दारात थांबला. अजूनही थोरल्याकडे बघत नव्हता.

"शिडी तीच आसा मां? गेल्या वर्षी पायरी मोडलेली ती?"

"तीच," आजोबा म्हणाले.

"दुरुस्त केलंस?"

"नाय."

"मगे कित्याक ठेवल्यास ती? आपणच चडशीत आनी पडशीत, आनी लोक म्हणतले, ह्येच्या भावान ढकललो." तो दोन पावलं बाहेर गेला आणि परत आला. "सकाळी येतंय. हातोडो काढून ठेव. आनी पोती माझ्या बावीच्या रहाटाकडे धू, पाणी माडाक जातला. व्हाळात नको. हें चेडू बाटले घेवन परत येतला."

मी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बाटली स्वच्छ होती." एवढंच. मी ती माफी समजून घेतली आणि घरी आईला जशीच्या तशी सांगितली. ती म्हणाली, "साबण लायलंस असतंस तर आणखी स्वच्छ झाली असती."

चवथीच्या आदल्या दिवशी माझी फेरी होती. व्हाळ फुगून वाहत होता. कुळागराचं फाटक सताड उघडं होतं. घरात धाकटा शिडीवर, तोंडात सुंभाची दोरी धरून माटोळीला नारळांचा घोस बांधत होता. आजोबा खाली शिडी धरून उभे होते आणि सूचना देत होते. मला बघून त्यांनी एक हात सोडला आणि वर केला.

"बाय, इलंस? बघ, फॉस्फर सगळो माडाक!"

"शिडी धर!" वरून दोरीच्या आडून आवाज आला. "फॉस्फर मागीर, आधी शिडी धर!"