डेमो गाडीची पूजा

आक्कांची सीट मागे मागे चालली होती आणि मला ती थांबवता येत नव्हती. छतावरचा पडदा आपोआप सरकत होता. एसी फुल्ल झाला होता. सीटमधला मसाज सुरू झाला होता, आणि चौसष्ट वर्षांच्या आक्का स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून ओरडत होत्या, "अगं पोरी, ही मला कुठं घेऊन चालली!"

गाडी मात्र जागची हलली नव्हती. निपाणीत, आक्कांच्या घरापुढच्या अंगणात ती शांतपणे उभी होती.

मी बेळगावात महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या एका शोरूममध्ये 'प्रॉडक्ट एक्स्पर्ट' आहे. म्हणजे गाडी विकणारे वेगळे. गाडीत कुठली गोष्ट कशी चालते ते समजावून सांगणारी मी. माझे वडील वडगावात पॉवरलूम चालवतात. आमच्या घरात इंजिनीअर झालेली मी पहिलीच. अशा गाडीत बसताना अजूनही मी आधी चपला झटकते.

माझं सहा महिन्यांचं प्रोबेशन त्या आठवड्यात संपत होतं. मी समजावलं पुष्कळ जणांना होतं, पण माझ्या डेमोवर बुकिंग एकही आलं नव्हतं. सकाळी निघताना मॅनेजर साहेब म्हणाले होते, "निपाणीचं काम आज झालं पायजे बघ. हे बुकिंग आलं की तुझं कन्फर्मेशन लेटर टाईप करायला सांगतो."

"नाही आलं तर, सर?"

"तर मी तरी काय करणार?"

निपाणीत आक्का आणि त्यांचे धाकटे भाऊ अण्णा मिळून तंबाखूची वखार चालवतात. माल बघायला चिकोडीपर्यंत आक्का स्वतः जीप घेऊन जातात. आता क्लच दाबून गुडघा दुखायला लागला, म्हणून अण्णांनी ही गाडी मनात धरली होती. पण त्यांनी आधीच सांगून टाकलं, "मला काय बी समजावू नका. चालवणार ती. तिला पटली तर घ्यायची."

आक्का सीटवर बसल्या. डॅशबोर्डवर हात फिरवला. आमच्या ह्या गाडीत बटणं जवळजवळ नाहीतच. मधोमध ताटाहून मोठी स्क्रीन, आणि बाकी सगळं गुळगुळीत.

"एसीचं बटण कुठाय?"

"स्क्रीनवर आहे, आक्का."

"आरसं हलवायचं?"

"स्क्रीनवर."

"डिकी?"

"तीपण स्क्रीनवरच."

"ह्या कप्प्याला तरी कडी-कोयंडा आसंल की न्हाय?"

"नाही आक्का, तोही स्क्रीनवरूनच उघडतो."

"म्हंजे गाडीची कागदं काढायला बी टीव्ही लावायचा!"

अण्णा मोठ्यानं हसले. मीही हसले.

"हे बघ पोरी," आक्का म्हणाल्या, "तीस वर्षं जीप हाणलीय मी. डोळं झाकून हात जातोय बटणावर. तवंदीच्या घाटात पाऊस आला, तर मी रस्ता बघू का हितं वायपर हुडकत बसू?"

ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं उत्तर मी दिलं. "दोन दिवसांत सवय होते, आक्का."

"आणि दोन दिवस घाट थांबतोय व्हय माझ्यासाठी?"

त्यांचं बरोबर होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मागावर वडिलांची नजर सुतावर असते आणि हात न बघता दांड्यावर जातो. पण ते बोलून दाखवलं तर बुकिंग गेलंच.

तेवढ्यात अण्णांच्या पत्नी, म्हणजे वैनी, आरतीचं ताट घेऊन बाहेर आल्या.

इथे मी सांगायला हवं होतं की, वैनी, ही डेमोची गाडी आहे, संध्याकाळी परत जाणार. पण नवी गाडी दारात आली की तिला हळदकुंकू लागतंच. आमच्याकडे जुनी स्कूटर आली तेव्हासुद्धा आईने नारळ फोडला होता. शिवाय मला मोह झाला. पूजा झालेली गाडी कोण परत पाठवेल, असं वाटलं. मी म्हणाले, "करा की वैनी."

चाकांखाली लिंबं गेली. बोनेटवर कुंकू लागलं. मग वैनी आक्कांच्या शेजारच्या दारातून आत वाकल्या.

"हिचं इंजिन कुठाय गं?"

"इंजिन नसतं वैनी. सगळं ह्या स्क्रीनवरून चालतं."

"म्हंजे मुख्य जागा हीच म्हण की."

"हो."

त्यांनी बोट ओल्या कुंकवात बुडवलं आणि स्क्रीनभर ऐसपैस स्वस्तिक काढलं. वर चार ठिपकेही दिले.

टचस्क्रीनला माणूस कळत नाही. बोटातली बारीकशी वीज तेवढी कळते, आणि पाण्याचा थेंब टेकला तरी तिला ते बोटच वाटतं. वैनींच्या लेखी ते स्वस्तिक होतं. गाडीच्या लेखी ते सहा लांबलचक हुकूम आणि चार छोटे हुकूम होते. तिने सगळे पाळले.

मी ओढणीने स्क्रीन पुसायला घेतली. पण पुसणं म्हणजेसुद्धा बोट फिरवणंच! मसाज एकवरून पाचवर गेला. रेडिओवर कन्नड बातम्या सुरू झाल्या, त्याही पूर्ण आवाजात. डिकी उघडली.

"अगं, ही पाठीत बुक्क्या घालायलीय!" आक्का ओरडल्या.

"आमच्या हिनं जागी केलीय गाडीला!" अण्णा पायरीवर बसून पोट धरून हसत होते.

पुसताना स्क्रीन बंद ठेवायची सोय गाडीत आहे. तिला क्लीन मोड म्हणतात. तो स्क्रीनवरूनच लावावा लागतो.

मग आठवलं. स्टीअरिंगवर दोन छोट्या फिरक्या आहेत, प्रत्येक अंगठ्याखाली एक. दोन्ही एकदम दाबून धरल्या की स्क्रीन नव्याने सुरू होते.

"आक्का! अंगठ्याखाली फिरक्या आहेत, दोन्ही दाबून धरा!"

आक्कांनी खाली बघितलंसुद्धा नाही. अंगठे बरोबर जागेवर गेले. स्क्रीन काळी पडली, बातम्या थांबल्या. मसाज तेवढा चालू राहिला.

"तोही बंद करते, थांबा."

"ऱ्हाऊ दे गं," आक्का डोळे मिटून म्हणाल्या. "कंबर मोकळी व्हायलीय."

त्यावर वैनींना असं हसू फुटलं की ताटातलं निरांजन विझलं. मग मलाही आवरेना. कस्टमरसमोर इतकं हसू नये, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं आहे.

हसणं ओसरल्यावर आक्का म्हणाल्या, "ह्या फिरक्या मला न बघता घावल्या. ह्यांनी आणि काय काय होतंय?"

हा प्रश्न मला सहा महिन्यांत कुणी विचारला नव्हता. मीही कधी आपणहून सांगितलं नव्हतं, कारण साहेबांचा हुकूम होता की आधी मोठी स्क्रीन दाखवायची. स्क्रीन परत आल्यावर मी पहिल्यांदा क्लीन मोड लावला, ती नीट पुसली, मग सेटिंग्ज उघडली. डाव्या फिरकीला एसी जोडला, उजवीला वायपर. आक्कांनी पुन्हा डोळे मिटले. एसी वाढवला, कमी केला. वायपर चालवला, थांबवला.

"घावलं," त्या म्हणाल्या. "चल, घाट बघून येऊ."

लिंबं चिरडून आम्ही निघालो. तवंदीच्या चढावर आक्कांनी पाय दाबला आणि गाडी आवाज न करता अशी सुटली की आम्ही दोघीही "ऊऽऽ" करून ओरडलो. परत येईपर्यंत आमचं ते चालूच होतं.

बुकिंग झालं. फीडबॅक फॉर्मवर 'आतील कंट्रोल्सबद्दल मत' असा रकाना असतो. आक्कांनी सांगितलं आणि मी तसंच लिहिलं: "खुर्ची एक नंबर. स्क्रीन निम्मी केली तरी चालेल. कप्प्याला कडी बसवा."

मी साहेबांना फोन लावला. "सर, पांढऱ्या सीटवर पूजेची हळद सांडलीय. डाग जात नाही."

"बुकिंग?"

"झालं."

"मग ऱ्हाऊ दे की डाग!"

पुढच्या सोमवारी लेटर हातात आलं. त्याच दिवशी साहेबांनी मला डिलिव्हरीची चेकलिस्ट नव्याने लिहायला बसवलं. गाडीचं मॅन्युअल जाडजूड आहे, पण लिहिणाऱ्याच्या दारात बहुतेक कधी नवी गाडी आली नसावी. आरतीचं ताट आत येण्याआधी क्लीन मोड लावावा, हे त्यात कुठेच नाही. आमच्या चेकलिस्टमध्ये ते पहिल्या नंबरवर आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये.