एका माठाचं पाणी

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — तिच्याजवळ तर नाहीच.

तेव्हा मी विशीत होतो. ठाण्याला खाडीच्या बाजूला क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या एका गोऱ्या साहेबानं आणि त्याच्या बाईनं शाळा काढली होती, तिथं मी मराठी शिकवायचो. शाळेची तऱ्हाच वेगळी. छडी नव्हती. सकाळी मुलं, मास्तर, झाडलोट करणारी बाई — सगळे एकाच सतरंजीवर गप्प बसायचे. ज्याला आतून काही वाटेल त्यानं उठून बोलायचं. एकाचं जरी मन अडलं, तरी ती गोष्ट ठरायची नाही. शपथ कोणी घ्यायची नाही. साहेब म्हणायचे, शपथेपुरतं खरं बोलायचं, तर एरवी काय बोलता?

गणित शिकवायला भिकाजी होता. कळव्याचा, जातीनं महार. बाप पलटणीत असल्यामुळे शिकलेला. शाळेच्या रिवाजाप्रमाणे तो मला केशव म्हणायचा. कोणी कोणाला राव-साहेब लावायचं नाही — साहेबांना तेवढं नुसत्या नावानं हाक मारायला आमची जीभ वळली नाही. पण तहान लागली की भिकाजी ओंजळ धरायचा आणि कोणीतरी वरून पाणी ओतायचं. शाळेतसुद्धा.

एका सकाळी त्या शांततेत मी उठलो आणि म्हणालो, सगळ्यांनी एकाच माठातलं पाणी प्यावं, आपापल्या हातानं. हो — कल्पना माझी होती. साहेबांच्या बाईंचे डोळे भरून आले. मला काय वाटलं म्हणून सांगू? आपण फार मोठे झालो असं वाटलं. मन अडलं ते एकट्या भिकाजीचं.

"केशव, तुझ्या घरी कळलं तर?"

"कळू दे," मी म्हणालो. मग तोही कबूल झाला.

आणि कळलंच. टेंभी नाक्याकडची आमच्या जातीतली चार वडीलधारी माणसं शाळेत आली. माझं लग्न कल्याणला ठरलेलं होतं. वाळीत पडलेल्याला मुलगी कोण देणार? त्यांनी विचारलं, ही अक्कल कोणाची? साहेब शांतपणे म्हणाले, केशवला विचारा, इथं कोणी खोटं बोलत नाही.

मी — मी म्हणालो, "भिकाजीनं आपण होऊन माठाला हात लावला. मी घरचं पाणी पितो."

भिकाजी समोर उभा होता. साहेबांनी त्याला विचारलं, हे खरं का? त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाला, "पाणी मी प्यायलो."

तो मला खोटं पाडू शकला असता. का नाही पाडलं? हा प्रश्न मी कितीदा उगाळला आहे, पण त्याला विचारायची छाती कधी झाली नाही.

कळव्यात त्याच्या घराचं बलुतं बंद झालं, दुकानदार मीठसुद्धा देईनात. पुढं त्याच्या घरची माणसं घरदार सोडून कल्याणला गेली. गणित शिकवणारा भिकाजी रेल्वेत हमाली करू लागला. साहेबांनी माठ हलवला नाही. मुलं गळत गेली. तरी रोज सकाळी आम्ही सतरंजीवर बसायचो आणि रोज मला उठता आलं असतं. मी बसून राहिलो. शाळा बंद पडली. माझं लग्न थाटात झालं.

इथवरच असतं, तर भीतीपोटी घडलं असं स्वतःला समजावलं असतं. पण पुढं मी कल्याणच्या एका शाळेत हेडमास्तर झालो. आता कोणाची भीती होती? एके दुपारी भिकाजी आला. केस पिकलेले, बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. पायरीखालीच उभा राहिला. मागचं एक अक्षर बोलला नाही.

"रावसाहेब, हिला वर्गात घ्याल?"

मी म्हणालो, "कमिटीचं मन अडतंय."

"विचारलंत त्यांना?"

"विचारलं."

मुलीनं मला नमस्कार केला. तिचा हात धरून तो निघून गेला.

मी कोणालाही विचारलं नव्हतं.