खांद्यावरून मागे बघणारा

परळच्या आमच्या खोलीत अभ्यास होत नाही, म्हणून मी सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसायचो. तिथे एक दादा रोज पळायला यायचे. व्यावसायिक फुटबॉलपटू, मधल्या फळीत खेळणारे, पस्तिशी उलटूनही संघात टिकलेले. चहाचा ग्लास घेतानासुद्धा ते अगोदर दोन्ही खांद्यांवरून मागे बघायचे. पास येण्याआधी पाठीमागे कोण आहे ते बघायची सवय, म्हणाले.

त्या दिवशी ते आल्या आल्या पळायला गेले नाहीत, माझ्याशेजारी कट्ट्यावर बसले. क्लब त्यांना पुढच्या मोसमासाठी ठेवणार की नाही, त्याचा फोन यायचा होता.

“एवढी वर्षं खेळलात, दादा. तुम्हाला कोण काढणार?” मी चाचरत म्हणालो.

“अरे, दर वर्षी असाच बसतो मी. मागे नवीन पोरगा असतोच ना.”

फोन वाजला. त्यांनी डावीकडून, उजवीकडून मागे बघितलं, मगच उचलला. “हो सर... थँक्यू सर.”

“ठेवलं?”

“एक वर्ष,” म्हणाले आणि लगेच बुटांच्या नाड्या आवळू लागले.

आमच्या घरातला मी पहिलाच पदवीधर होणार. नोकरी लागली की धाकधूक संपेल, असं मी धरून चाललो होतो. ते पळायला गेल्यावर मी पुस्तक उघडलं, पण त्याआधी उगाचच मागे वळून पाहिलं.