झाडावरचे लाल ठिपके

आचोळ्याहून भुईगावच्या शाळेत शिकवायला जाऊ लागले, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. नववीच्या मुलींना घेऊन मी शाळेसमोरच्या रस्त्याकडेची झाडं मोजली. प्रत्येक खोडावर चुन्याने नंबर टाकला, आणि ज्यांवर पक्ष्यांची घरटी होती त्यांना गेरूचा लाल ठिपका दिला. बेचाळीस झाडं, सात ठिपके.

सोमवारी बसमधून उतरले तर रस्त्यात माणसं जमलेली. शाळेला लागून ज्यांची वाडी आहे ते अंकल सांगत होते, "रस्ता रुंद करणार. नंबरवाली सगळी तुटणार, ठिपकेवाली आधी."

मला हसू आलं. "अंकल, नंबर आम्हीच टाकलेत. मुलींचा प्रकल्प आहे. ठिपका म्हणजे घरटं."

त्यांनी वर पाहिलं. घरटं होतं. तरी माझी कीव आल्यासारखे ते म्हणाले, "टीचर, तुम्ही भोळ्या. तुमच्याकडून करून घेतलं त्यांनी."

"कोणी?"

"तेच तर कळू देत नाहीत."

मी पडले विज्ञानाची शिक्षिका. मी नोंदवही दाखवली, तर एका बाईंनी विचारलं, "शाळेतल्या पोरी इतकं नीट लिहितात?"

रागावण्यासारखंही नव्हतं. अंकलच्या वडिलांची अर्धी वाडी अशाच खुणा होऊन रस्त्यात गेली होती, आणि तेव्हाही आधी कुणी काही सांगितलं नव्हतं. इतक्या जुन्या भीतीला चुन्याचा डबा आणि नववीच्या मुली हे कारण फारच किरकोळ पडत होतं. शिवाय बांधावरून कित्येक वर्षं अबोला धरलेला त्यांचा धाकटा भाऊ पुढच्या रविवारी, चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, त्यांच्याच शेजारी उभा राहून निवेदनावर सह्या गोळा करत होता. माझ्या खऱ्यात त्यांच्यासाठी असं काहीच नव्हतं.

शेवटी मुलींनी काथ्याने घासून नंबर आणि ठिपके काढून टाकले. दुसऱ्या दिवशी अंकल विजयी मुद्रेने फाटकाशी उभे. "बघितलंत, टीचर? आपण आवाज केला, त्यांनी पुरावे पुसले!"

शाळा सुटल्यावर मी मुख्याध्यापिका सिस्टरना सहज विचारलं, "हा झाडांचा प्रकल्प आपल्याला नक्की कुणी सुचवला होता हो?"

"तुम्हीच की," त्या म्हणाल्या.

मला तसं आठवत नव्हतं. आणि उत्तर त्यांनी जरा फारच पटकन दिलं होतं.