अंबाडीची पारख

शालिग्राम दोर वळण्यात जितका पक्का, तितकाच बोलण्यात कच्चा. तरी १९६१ च्या भादव्यात, रोहिणखेडजवळच्या त्या लहानशा गावानं चावडीवर बोलायला त्यालाच पुढं ढकललं. बुलढाण्याहून नशाबंदीचे साहेब आले होते. अंबाडीचं पान हुबेहूब गांजाच्या पानासारखं, लोक तिच्या आडोशाला गांजा लावतात, तेव्हा अंबाडीच बंद करा, असं त्यांचं म्हणणं.

"मंग बैल कायनं बांधाचे साहेब, तुमच्या कायद्यानं?" हिंमतराव पाटील तडकले.

साहेब हसले नाहीत. "ओळखायचं कसं ते सांगा. नाहीतर आजच सगळी कापून टाकतो."

अंबाडीच्या वाखापासून गावाचे कासरे, नाडे, वेसणी शालिग्रामच वळायचा. तो चाचरत म्हणाला, "पान चावून पाहा साहेब. अंबाडी आंबट लागते. गांजा नाही लागत."

"मी नाही चावणार. तू चाव. तुझ्या शब्दावर शेत सोडतो."

गाव खूश झालं. शालिग्रामला मात्र स्वतःचं वावर आठवलं. त्याच्याच वावरात, अंबाडीच्या तिसऱ्या ओळीत, त्याच्या म्हाताऱ्या बापानं, भगवंतरावानं, चिलमीपुरती चार झाडं लावली होती. उपटून टाका म्हणून शालिग्राम महिनाभर बापाच्या मागं लागला होता. म्हातारा ऐकेल तर शपथ! आणि आता अकलेचे दिवे पाजळून पारख सांगितली ती यानंच.

वावरामागून वावर सरलं. प्रत्येक वावरात पान आंबटच निघालं. सत्तरीतला बाप कोठडीत खोकत बसलेला त्याला दिसायला लागला. शेवटी त्याचं वावर आलं. साहेबांची छडी तिसऱ्या ओळीतल्या एका उंच झाडावर टेकली.

"हे."

त्यानं पान तोडलं, तोंडात टाकलं. उग्र, कडवट. गिळवेना.

"आंबट हाय साहेब."

साहेब वहीत लिहिणार, एवढ्यात वावराच्या धुऱ्यावरून आरोळी आली, "थुक शाल्या! थुक! अंबाडी नोहे ते!" भगवंतराव धडपडत आला आणि मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या लेकाच्या तोंडात बोट घालून त्यानं तो चोथा बाहेर काढला. "जन्मभर याले चिलमीले हात लावू देल्ला नाही मी!"

साहेबांनी वही मिटली. "म्हणजे मागची शेतंही अशीच आंबट होती?"

ती सगळी शेतं खरोखरच आंबट होती, पण आता शालिग्रामच्या जिभेवर कोण विश्वास ठेवणार? संध्याकाळच्या आत गावभरच्या अंबाडीवर विळे फिरले. हिंमतराव मान फिरवून त्याच्या अंगावरून गेले. आयुष्यात गावाला इतका तो कधी भ्याला नव्हता.

भगवंतरावाला जीपमध्ये बसवलं. कुठं नेतात, कधी सोडतात, हे त्यानं कुणाला विचारलंच नाही. वाकून तो लेकालाच पुन्हा पुन्हा विचारत होता, "पुरं थुकलं नं रे? पाणी पेलं नं?"