नेच्याखालचे ढालकिडे

फेब्रुवारीतलं ऊन सिएरा डोंगरांच्या घळीत उतरू लागलं की व्हर्ना स्टिडमच्या कानांत सळसळ सुरू व्हायची. वाळल्या पानांवर भुरभुर पाऊस पडावा तशी. किड्यांच्या गोण्या ठेवायची मागच्या अंगणातली थंड खोली चार वर्षं रिकामी होती, गोण्या घडी घालून ठेवलेल्या. तरी भांडी घासता घासता ती नळ बंद करून ऐकत राहायची.

तीस वर्षं ती आणि तिचा नवरा हॉइट थंडीत थिजलेले लाल ठिपकेदार ढालकिडे ओंजळींनी गोण्यांत भरत, चाळून काडीकचरा काढत आणि खोऱ्यातल्या खरबूजवाल्यांना देत. वेलींवरची मावा ही कीड हे ढालकिडे फस्त करत. सासूने एकच नियम घालून दिला होता: ओहोळाकाठच्या नेच्याखालचा किड्यांचा ढीग हलवायचा नाही. आधीच्यांच्या वासावरच पुढचे वाट काढत येतात.

हॉइटच्या शेवटच्या हंगामात तो खोकत ट्रकमध्येच बसून होता. एक गोणी काही केल्या भरेना. व्हर्नाने नेच्याखाली हात घातला आणि तळापर्यंत खरवडून घेतलं. त्याला सांगितलं नाही. जूनमध्ये तो गेला. पुढच्या थंडीपासून किडेही आले नाहीत.

यंदा लेक ओपल सोबत घळीत आली होती.

"आई, गुडघे बघ तुझे. बकरी आहेस का तू?"

"चल मुकाट. आज नाही दिसले, तर ते मेले माझ्या हातानं. मग पुन्हा नाही यायची मी."

नेच्याखाली पाइनच्या काड्या, खाली ओली माती. व्हर्नाने कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. काहीच नव्हतं.

"मीच उपसलं गं सगळं," ती म्हणाली. "तुझ्या बाबांना कळलं असतं तर..."

ओपल तिच्या बाहीवरची माती झटकू लागली. "त्यांना माहीत होतं."

"कसं?"

"त्याच वर्षी मार्चमध्ये म्हणाले, किडे खोऱ्याकडं उडताना बघायचेत, घेऊन चल. नेच्याखालची खरवडलेली जागा बघत इथं बसले होते कितीतरी वेळ. मग म्हणाले, आईला बोलू नकोस. आधीच झोप नाही तिला."

व्हर्नाला ती संध्याकाळ आठवली. बापलेकीचे बूट चिखलाने माखलेले होते. कुठे गेला होतात, म्हणून तिने विचारलं, तर हॉइट म्हणाला, दुकानात. नुकती पुसलेली फरशी घाण केली म्हणून ती त्याच्यावर ओरडली होती, आणि फडकं त्याच्याच हातात दिलं होतं.

गुडघे टेकून, खोकत खोकत, त्याने ती सगळी पुसून काढली होती.