बर्म्युडा घालायचाय!

बुधवार. सकाळपासून उघडीप.

इतके दिवस इथे फिरकलो नाही, माफ करा... तिसऱ्या होलजवळ गवताला पडलेली टकलं बघून लिहायचा उत्साहच गेला होता.

वरंधच्या वाटेवर एका रिसॉर्टच्या छोट्या गोल्फ कोर्सचं गवत मी सांभाळतो. ते मधेमधे विरळ होत चाललेलं. मालकांनी बजावलं, दिवाळीत पाहुणे खेळायला येणार, तोवर भरलं नाही तर माणसं बदलू. माणसं म्हणजे मी, खुरपणीच्या पार्वतीकाकी आणि त्यांचे यजमान धोंडूकाका.

खत बदललं, पाणी बदललं, स्वतःची उलटतपासणी घेतली... शेवटी नवीनच लावायचं ठरवलं. काल ग्रुपवर मेसेज टाकला, 'उद्या तिसऱ्या होलला बर्म्युडा घालायचाय. वेळेवर यावे.' बर्म्युडा हे त्या गवताचं नाव.

सकाळी बघतो तर धोंडूकाका मुंबईच्या नातवाची पोपटांच्या चित्रांची हाफपॅन्ट घालून उभे! जन्मात धोतर न सोडलेला माणूस... दोन्ही हातांनी गुडघे झाकत होता.

"भाऊ, मी घरापासनंच घालून आलो. हितं उघड्यावर कुठं बदलू?"

मागून काकी, पदर खोचून, "मी नाय घालनार हां! आधीच सांगते."

हसू दाबत मी खाली बसलो. एक काडी उचलून दाखवली... हा बर्म्युडा.

"ही? अवो, ही हरळी हाय!"

"हो काकी, हरळीच."

"आनि मी रोज उपटते ती?"

मग टकलं पडतील नाहीतर काय! 'गवत ठेवा, बाकीचं काढा' असं मीच सांगितलं होतं. पण काकींच्या लेखी हरळी म्हणजे गवत नव्हेच, ती शेतातली पीडा!

"उपटलेली कुठे टाकलीत?"

"बांधापल्याड."

जाऊन पाहिलं. तिसऱ्या होलवर कधी नव्हती अशी हरळी त्या ढिगावर मातलेली... मरते कसली!

दिवसभर तीच आणून लावली, वर वाळू पसरली, पाणी दिलं. दुपारनंतर काका गुडघे झाकायचेही विसरले. "वारा लागतो. बरा हाय."

मेसेजमध्ये साधं 'हरळी' का लिहिलं नाही मी? मालकही त्या ग्रुपवर आहेत, त्यांच्यासमोर तो शब्द हलका वाटला असेल... आपल्याच बांधावरचा शब्द.

निघताना काकींनी सवयीने वाकून एक काडी उपटली. मग दचकून, इकडेतिकडे बघत, परत खोवली.

उद्याचं काम : काकींच्या आधी पोचणे.